फुईला मोजायचं नाही

भावाच्या मुलीचं बारसं कळसाडीला ठरलं आणि आबांचा फोन आला. बाळाची आत्या मी, म्हणजे कानात नाव सांगायचा मान माझा. मी विचारलं, फुईला बोलावलं का? फुई म्हणजे माझी आत्या, आबांची सख्खी धाकटी बहीण. माझ्या कानात कुर्र करून नाव सांगणारी तीच. आबा म्हणाले आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवून दिला. माझं डोकं तिथूनच फिरलं.

फुईचा गुन्हा एवढाच, की नर्स झाल्यावर तिनं नवापूरकडच्या एका आदिवासी शिक्षकाशी लग्न केलं. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. आजी गेली तेव्हा ती आली, अंगणात उभी राहिली आणि पाण्याचा थेंब न पिता परत गेली. पाणी तिला कुणी विचारलंच नव्हतं. हे आठवलं की अजूनही अंगाचा तिळपापड होतो.

गावी जाताना मी वाट वाकडी करून चिंचपाड्याला फुईकडे उतरले. फुईनं बाळासाठी पिवळं झबलं शिवून ठेवलं होतं. काखेत मुद्दाम सैल, कारण पोरं भराभर वाढतात. बारसं कधी आहे तेही तिला ठाऊक होतं. कुठून कळतं, देव जाणे. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, बघू कोण अडवतं ते. ती झबल्याची घडी घालत राहिली.

"मन्हं नाव नको काढू तठे," ती म्हणाली. "पोरना दिन खराब नको करू."

मी झबलं पिशवीत टाकलं. तिच्या या समजूतदारपणाचाही मला संताप आला होता. हिनं एकदा तरी भांडावं की नाही?

आदल्या संध्याकाळी ओट्यावर पाहुणे जमले होते. आबांना लेकीचं कौतुक भारी, म्हणून सगळ्यांदेखत विचारलं, तू तिकडे युनिव्हर्सिटीत नेमकं करतेस काय? मी सांगितलं, आपल्या शेजारच्या दीर्घिकांचं वस्तुमान काढते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकेक गाव. काका म्हणाले, एवढा काटा कुठून आणला? सगळे हसले.

मी गोफणीचा दाखला दिला. दगड जितका जोरात फिरेल तितका हात घट्ट लागतो. हात दिसला नाही तरी दगडाच्या वेगावरून त्याचा जोर कळतो. मोठ्या दीर्घिकेभोवती लहान दीर्घिका फिरतात. त्या किती लांब आणि किती वेगात आहेत ते पाहून मोठीचं वस्तुमान काढायचं. माझ्या कामात अडचण एकीचीच आहे. ती फार लांब आहे आणि पळतेही जोरात. तिला घरची धरली तर मोठीचं वस्तुमान एकदम वाढतं. वाटसरू म्हणून वगळली तर बाकीच्यांशी उत्तर छान जुळतं. पण माझ्या गाइडबाई वगळू देत नाहीत. जुळत नाही हे काही कारण नव्हे, म्हणतात, ती खरंच सुटून गेली आहे हे आधी दाखव.

आबा हसले. "एक न बसनी त काढी टाक. बाकीन्या शेतस ना."

"तुम्हले सवयच शे," मी म्हटलं.

काकांनी खाली मान घालून सुपारी कातरायला घेतली. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं, बरोबर कळलं होतं. फुई सुटून गेली नव्हती. या माणसांनी तिला ढकललं, आणि वर तोंड करून सांगत होते की ती लांबची. आबा उठून गुरांकडे गेले.

सकाळी वहिनीनं बाळाला ते पिवळं झबलं घातलं. कुणी शिवलं ते मी सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नाही. घरानं ठरवलेलं नाव पाळण्यामागे थर्माकोलच्या चमचमत्या अक्षरांत लावलेलं होतं. वहिनी माझ्या कानाशी आली. "ताई, तुम्ही ठेवशात तेच नाव."

मी वाकले, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि फुईचं नाव सांगितलं. बायकांनी विचारलं तेव्हा तेच मोठ्यानं सांगितलं.

रीत अशी, की नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात. त्या दिवशी कुणाचा हात उठेना. पहिला गुद्दा वहिनीनं घातला, चांगला सणसणीत. मग म्हाताऱ्या काकूनं. आबा थर्माकोलच्या अक्षरांकडे बघत बसले होते.

पोर आता रांगते. मी फोन केला की मागून आबांचा आवाज येतो. तिला कडेवर घेताना, चिऊ दाखवताना, घास भरवताना आबा तेच नाव घेतात, दिवसातून दहा वेळा, आणि वहिनी सांगते की फार मायेनं घेतात.

चिंचपाड्याला बोलावणं मात्र अजून गेलेलं नाही.