देवरामचा रिबिट

दारणा नदीवरचा तो लोखंडी पूल इंग्रजांच्या काळातला. उभ्या-तिरप्या पट्ट्यांची कैची आणि ती धरून ठेवणारे, ठोकून बसवलेले हजारो रिबिट, म्हणजे रिव्हेट. दर हिवाळ्यात रेल्वेच्या गँगमधले गेणू आणि देवराम ते तपासत. एकाने रिबिटच्या डोक्यावर हातोडी मारायची, दुसऱ्याने पलीकडून बोट लावून धरायचं. घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही. ढिला रिबिट बोटाखाली थरथरतो. मग त्याच्याभोवती खडूचा गोल. पंधरा वर्षांची जोडी. गाडी आली की दोघं कडेला चिकटून उभे राहायचे आणि शेवटचा डबा जाताच अर्धी राहिलेली थट्टा तिथूनच पुढे चालू.

बाहत्तरच्या हिवाळ्यात गेणू अंगात ताप घेऊन कामावर आला. देवरामने हातोडी मारली, गेणूने गोल काढला. नेमका तो रिबिट आदल्या वर्षी देवरामनेच बसवलेला.

“पूस तो,” देवराम म्हणाला.

“हलतोय.”

“माझा रिबिट हालत नाय, गेण्या. तुझंच डोकं हाललंय.”

“हात बसत नसेल तर झाडू घे,” गेणू साऱ्या गँगसमोर बोलून गेला. लोक हसले. महिन्याभरात देवराम बदली मागून इगतपुरीला निघून गेला.

ताप उतरल्यावर गेणूने पुन्हा बोट लावलं. रिबिट गप्प. थरथरत होतं ते बोटच. त्याने गोल पुसला, पण इगतपुरीला जायला पाय उचलेना. आज जाऊ, उद्या जाऊ करत बारा हिवाळे सरले. नवा जोडीदार कामाला चोख, पण घुम्या. त्या रिबिटपाशी आलं की गेणूचा जीव रेंगाळायचा.

चौऱ्याऐंशीत शेजारी नवा पूल झाला. जुना सोमवारपासून कापायचा ठरला. पूलच गेला तर देवरामला दाखवायचं काय? शनिवारी गेणूने इगतपुरीची पॅसेंजर धरली.

देवराम अंगणात वाळत घातलेला भात हलवत होता. त्याने मान वर केली.

“उतरला का ताप?”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“हातोडी घेताना हात लागला की तुझा. तवा झालता नुसता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.” देवरामने भातातून हात फिरवला. “लय थांबलो.”

“चुकलो, देवा. उद्या चल. एकदा तुझं बोट लाव.”

रविवारी सकाळी दोघं पुलावर चढले. रूळ उचलून नेलेले, खाली दारणा संथ. देवरामने बोट लावलं, गेणूने हातोडी मारली.

“अजून एक.”

गेणूने मारली. देवरामच्या बोटाला काही कळलं नाही. ते शेजारच्या रिबिटवर गेलं.

“तो कशाला? उद्या कापायचाय सगळा.”

“मार तू,” देवराम म्हणाला.

दुपार टळेपर्यंत दोघं एक अख्खी कैची तपासून पार झाले होते.