अस्वलाची पोथी

अभिमन गुरुजींना वाद घालायला फार आवडे. शिरपूरजवळच्या त्या खेड्यातल्या शाळेत ते एकोणीस वर्षं एकटेच मास्तर. चारही इयत्ता एका खोलीत, आणि तिथं वाद घालायला मोठं माणूस नाही, म्हणून ते सगळी हौस गावात भागवून घेत. कोणत्या नक्षत्रात पेरावं, कुणाचा बैल बरा, सगळ्यावर त्यांचं मत तयार. माणूस मात्र सोन्यासारखा आणि वेळेचा पक्का. अकराला शाळा उघडली नाही, असं एकदाही झालेलं नव्हतं.

एकोणीसशे तेहतीस सालची गोष्ट. तिसरीचं वाचन चाललं होतं. लोटन घडाघडा धडा म्हणत होता आणि पुस्तक हातात उलटं होतं. गुरुजींनी आणखी चौघांना पुस्तकं मिटायला लावली. चौघंही न अडखळता पुढं म्हणत राहिले. म्हणजे इतकी वर्षं आपण वाचन नव्हे, पाठांतरच शिकवत आलो!

सुट्टी लागताच ते धुळ्याला गेले आणि मुलांच्या गोष्टींची अकरा पुस्तकं पिशवीत घालून आले. शाळेत ते गोष्ट अर्धीच वाचत, ऐन रंगात आली की पुस्तक मिटत आणि विचारत, "घरी कोण नेतंय?" पोरांची झुंबड उडे. पुस्तकं तेलाचे, चिंचेचे डाग घेऊन परत येत. ते डाग पाहून गुरुजींना कोण आनंद व्हायचा.

ताईबाईनं नेलेलं पुस्तक मात्र पंधरा दिवस झाले तरी आलं नाही. ही तिसरीतली पोर आजीजवळ, भिकुबाईजवळ वाढत होती. ओळीखाली बोट ठेवून खरोखर वाचणारी वर्गातली पहिली तीच, त्यामुळे गुरुजींचा तिच्यावर भारी जीव. ते तडक तिच्या घरी गेले.

पुस्तक देवाजवळ ठेवलेलं होतं. वर हळदकुंकू, फूल, अक्षता. भिकुबाईच्या लेखी शाळेच्या धड्यांखेरीज पुस्तक म्हणजे पोथीच, आणि पोथीची रीत ती चुकणार नव्हती. ताईबाई कोपऱ्यात उभी राहून देवाकडे नव्हे, पुस्तकाकडे बघत होती.

"पोथीले पारोसा हात लावतस का, गुरुजी?" गुरुजींनी हात पुढं करताच भिकुबाई म्हणाली.

इथं गप्प बसले असते तर ते अभिमन गुरुजी कसले! पाऊण तास त्यांनी वाद घातला आणि जिंकलाही. ही पोथी नव्हे, फेटा बांधून बाजारात मध विकायला गेलेल्या अस्वलाची गोष्ट आहे, हे त्यांनी चित्रासकट सिद्ध केलं.

भिकुबाईनं कुंकू पदरानं पुसलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "अस्वलन्या गोटी शिकाडतस का शाळामा? मी समजनू देवनं काही शिकाडतस. मंग उद्यापाईन ताई मनासंगे कपाशी येचाले यी."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून ताईबाई शाळेत दिसली नाही. वेचणीला गेलेली पोर वेचणी संपल्यावर परत आल्याचं गुरुजींनी क्वचितच पाहिलं होतं. आपल्याच जिभेनं पोरीची शाळा सुटली, हे त्यांना आतून खात होतं.

चौथ्या दिवशी सकाळीच ते पुस्तक घेऊन भिकुबाईच्या शेतावर गेले. बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या, त्यांच्यात ताईबाईही होती. गुरुजी बांधावर बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. दोन पानं झाल्यावर म्हणाले, "घसा बसला. ताई, तू वाच."

ताईबाई बोट ठेवून वाचू लागली. आधी अडखळत, मग सरसर. अस्वल बाजारात बसलं, गिऱ्हाइकं जमली. एकेक करून सगळ्या बायका बांधाकडच्या ओळीत आल्या. त्या ओळीतला कापूस दोनदोनदा वेचला जात होता आणि पलीकडचं शेत तसंच पांढरं होतं. भिकुबाई पाठमोरी होती, पण तिचे हात कधीच थांबले होते. गोष्टीतल्या एका म्हातारीनं अस्वलाच्या फेट्याचं टोक धरलं, ओढलं...

गुरुजींनी उन्हाकडे पाहिलं. शाळेची वेळ झाली होती. चाळीस पोरं दाराशी उभी असतील. पुस्तक शाळेचं, तिथं आणखी पोरं त्याची वाट बघत होती. भिकुबाईला सांगण्यासारखं त्यांच्याजवळ पुष्कळ होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. ताईबाईच्या हातातून पुस्तक घेतलं आणि चालू लागले. पोरीचा चेहरा बघायचा धीर त्यांना झाला नाही.

शेत संपत आलं तशी मागून हाक आली.

"ओ गुरुजी! थांबा ना जरा!"

भिकुबाई नातीच्या कमरेची ओटी सोडत होती. सोडून तिनं ती आपल्याच खांद्यावर टाकली आणि पोरीला पुढं ढकललं.

"जाय," ती म्हणाली. "पुरी गोट वाचीसन ये. आनि यीसन माले सांग, फेटा सुटना का नही."