साखरखेर्ड्याच्या ठसेकाराचे सुलटे ठसे

साखरखेर्ड्याला जायचं ठरलं ते मोबाइलवर आलेल्या एका फोटोमुळे. तो मोठा करून पाहिला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

फार पूर्वी तिथे भगवंतबुवा नावाचे ठसेकार होते. पंचांगांतली, लग्नपत्रिकांवरची चित्रं ते शिसवी लाकडात कोरायचे आणि छापखान्यात त्यावर शाई लावून छपाई व्हायची. त्यांचे नातू रामभाऊकाका, निवृत्त कारकून. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत आज्याचे ठसे मांडलेत. मला अशा गोष्टींचं वेड म्हणून फोटो पाठवला, तर ठशावरची अक्षरं सुलटी! छापायच्या ठशात ती उलटी कोरतात, तेव्हा कुठे कागदावर सरळ उमटतात. म्हणजे माल नकली.

जालन्याहून सिंदखेडराजापर्यंत रस्ता झकास, पुढे हाडं खिळखिळी. एसटीच्या भरवशावर राहू नका. वाटेत वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा खाल्ला. शंभर-सव्वाशेत पोट तुडुंब, डोळ्यांतलं पाणी फुकट.

"या ताई, लई दुरून आल्या!" काकांनी स्वागत केलं. काकूंनी चहा ठेवला. फळीवर ठसे नको तितके चकाकत होते.

"काका, हे भगवंतबुवांचेच?"

"हाव! लाकूड हातात घेऊन पाहा ना."

लाकूड जुनं होतं, कडांत शाई मुरलेली. पण कोरणी कोरी करकरीत. आता पकडलेच, म्हटलं.

"मग अक्षरं सुलटी कशी?"

"सुधरवून घेतले न! लोकं हासत. म्हणत, काऊन हो, तुमच्या आज्याले लिहिता येत नव्हतं काय? मले सहन नाही झालं. सुताराले म्हटलं, रंधा मार अन् बरोबर कोर."

अहो, हा माणूस लबाड असता तर परवडलं असतं!

"काका, ऑफिसातला रबरी शिक्का आठवा. त्याची अक्षरं कशी असायची?"

जन्मभर शिक्के मारलेला माणूस. शिक्का मारायला उचललेला त्यांचा हात हवेतच थांबला.

"उलटी," ते म्हणाले आणि खाली बसले. "आज्याचं नाव राखाले गेलो, अन् मीच पुसलं."

फार वाईट वाटलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "देवातला गणपती हाय ना. त्याले कोण रंधा मारीन?"

बुवांनी कोरलेला गणपतीचा एक ठसा देवघरात होता. दर दसऱ्याला शेंदूर चढून चढून त्याचा नुसता गोळा झालेला. काकांनी हातपाय धुतले, खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "अक्षरं उलटी हायेत हो!" त्यांचे डोळे भरून आले.

"शेंदूर काढून बघू?" मी लगेच विचारलं.

"देव हाय तो," काकू म्हणाल्या. विषय संपला. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

घरी आले तरी किडा वळवळत होता. शेंदराच्या थरातून अक्षरं बोटाला लागतात कशी? काकांनी मनाची समजूत तर घातली नसेल?

परवा काकांकडून पुन्हा एक फोटो आला. फळीवर त्यांच्या हातची पाटी होती : "हे ठसे भगवंतबुवांचे होते. नातवाने बिघडवले. उरलेला एक देवघरात आहे."

या वेळी मी फोटो मोठा करून पाहिला नाही.