दहा मिनिटांत रस्ता मोकळा

ती घटना आठवली की आजही डोळ्यांपुढे उभा राहतो तो एका जुन्या मोटारसायकलचा साइड स्टँड. वीतभर लोखंडाचा तुकडा. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेते काढली. पण ज्या तपासात मला स्वतःचीच लाज वाटली, तो हा एकच.

नावे कुणाचीच लिहीत नाही, ठाण्याचेही नाही. बुलढाणा जिल्ह्यातले, घाटाखालचे एक ठाणे, एवढे पुरे. मी तिथे ठाणेदार होतो.

तो आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी ठाण्याचे काम ठरलेले असते. सकाळी हजेरी, मग बंदोबस्ताची वाटणी, पाकीटमारांवर साध्या वेशातले दोघे आणि बाजाररस्त्यावर होमगार्ड. त्या दिवशी भर म्हणून एका पाहुण्यांचा ताफा बाजारातूनच जाणार होता. अकरापासून मी स्वतः रस्त्यावर होतो. बाराच्या सुमारास ताफा धुरळा उडवीत निघून गेला आणि मी ठाण्यात येऊन टोपी काढली.

पाऊण वाजता ठाणे अंमलदार धावतच आत आला.

"साहेब, बाजारात भज्याच्या दुकानावर मोटारसायकल पडली. बाई भाजली."

मी पोहोचलो तेव्हा बाईला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले होते. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, खाली विटांवर ठेवलेली शेगडी. बाई पाटावर बसून भजी तळायची, नवरा शेजारी बसून मिरच्या चिरायचा. कित्येक वर्षांचा त्यांचा हा बाजार. रस्त्याच्या कडेची लाल मोटारसायकल सरळ त्या शेगडीवर आडवी झाली होती आणि कढईतले उकळते तेल बाईच्या मांडीवर, पोटावर सांडले होते. गाडीच्या मागे दोन पत्र्याचे डबे जोडलेले होते. एक डबा फुटून काचेच्या बांगड्यांचा चुरा तेलात आणि बेसनात पसरला होता. नवरा तिथेच उभा होता. दोन्ही तळवे भाजलेले, पण त्याचे त्याकडे लक्ष नव्हते.

"साहेब, हे गाडी कोनाची हाय तेवढं सांगा," एवढेच तो म्हणत होता.

दोन पंच बोलावून घटनास्थळ पंचनामा केला. त्या बाजूला पाइपलाइनसाठी रस्ता खणून पुन्हा बुजवला होता. वरून सपाट दिसणारी माती आत भुसभुशीत होती. गाडीचा साइड स्टँड बाहेर काढलेला, त्याचे टोक मातीने भरलेले, आणि जमिनीत चार बोटे खोल भोक. कारण उघड होते. कुणीतरी निष्काळजीपणे जड गाडी मऊ मातीत साइड स्टँडवर लावली, स्टँड रुतत गेला आणि गाडी गेली. उभी केलेली गाडी पडून नुकसान झाले तर जबाबदार कोण, याचे ठाण्यातले उत्तर सरळ असते. ज्याची गाडी, त्याची जबाबदारी. नवऱ्याच्या फिर्यादीवरून अज्ञात मोटारसायकलस्वारावर गुन्हा दाखल झाला.

गाडीचा मालक पळाला होता. कागदपत्रे चिखलीच्या एका माणसाच्या नावावर निघाली, त्याने ती केव्हाच विकलेली. बांगड्या विकणारे त्या बाजारात पाच-सहा जण येत. एकानेही तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर शंभरेक माणसे जमली. बांगडीवाला म्हणजे मुसलमान असणार, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकले होते आणि काहींची भाषा बिघडू लागली होती. अशा वेळी ठाणेदाराला आरोपी लवकर हवा असतो. मलाही हवा होता.

दुपारी टीप आली. बाजाराच्या तोंडाशी पंक्चर काढणारा एक माणूस आम्हाला अधूनमधून खबर द्यायचा. त्याचे दुकान रस्त्याच्या कडेला, म्हणजे आमच्या मर्जीवर. तो फोनवर म्हणाला, "साहेब, गाडी वरवट बकालकडच्या बांगडीवाल्याची हाय. तो लोणारले बहिनीच्या घरी जाऊन बसला."

तिसऱ्या दिवशी आमच्या माणसांनी त्याला लोणारहून आणला. पन्नाशीचा, किरकोळ बांध्याचा, दाढी पिकलेला माणूस. गुन्हा जामीनपात्र होता. तरीही मी त्याला दोन दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, ठाण्याच्या फरशीवर बसवून ठेवला. ठाण्यात याला 'चौकशीसाठी बसवणे' म्हणतात.

"पळालास कशाला?" मी विचारले.

"भेलो साहेब. गर्दी पाह्यली. माही गाडी पाह्यली. लोकं मले जित्ता सोडतीन असं वाटलं नाई."

"गाडी तिथे लावलीस कशी?"

"म्या तिथं लावलीच नाई. पान्याच्या टाकीजोळ लावली होती, मोठ्या स्टँडवर. खुदा कसम."

"मग चालत आली का ती?" हवालदाराने विचारले आणि त्याच्या दोन ठेवून दिल्या. मी समोर बसलो होतो. मी हात उचलला नाही, हवालदाराचा हात धरलाही नाही.

बांगडीवाल्याने गालाला हात लावला नाही. खाली पाहत तो पुन्हा म्हणाला, "साहेब, साइड स्टँड म्या वापरतच नाई. त्याची स्प्रिंग गेली हाय. तारीनं बांधून ठेवला हाय. तुमी पाहा तं खरं."

दोन दिवसांत हे वाक्य तो पाच-सहा वेळा तरी बोलला असेल. आरोपी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगू लागला की पोलिसाला ती पाठ केलेली वाटते. मलाही वाटली.

बाईला पुढे अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवले होते. पाचव्या दिवशी सकाळी तिथून वायरलेस आला. बाई गेली. नायब तहसीलदारांनी तिचा मृत्यूपूर्व जबाब घेतला होता. त्यात तिने कुणावर आरोप केला नव्हता. गाडी पडली, कुणी ढकलली नाही, कुणाची ते माहीत नाही, एवढेच. आता निष्काळजीपणाने मृत्यूचे कलम ३०४-अ वाढवायचे होते. मृत्यूचा गुन्हा म्हणजे कागद पक्के हवेत. म्हणून मुद्देमाल पुन्हा एकदा पाहावा, या विचाराने मी आवारात गेलो.

लाल मोटारसायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. मी खाली वाकलो. साइड स्टँडची स्प्रिंग खरोखरच नव्हती. फ्रेमला जाड तारेचे तीन वेढे होते आणि तारेचे टोक उलगडून लोंबत होते. तार तुटलेली नव्हती. कुणीतरी बोटांनी पिळा सोडवला होता. हॅन्डल लॉक केलेले होते. स्वतःची गाडी चालवत आणून लावणारा माणूस चांगला चालणारा मोठा स्टँड सोडून, तीन वेढ्यांची तार सोडवून, मोडका स्टँड कशाला लावेल? गाडी लॉक केलेली असताना कुणीतरी उचलून नेली होती. हे समजायला मला पाच दिवस लागले, कारण मी एकदाही खाली वाकलो नव्हतो.

मी एकटाच पंक्चरवाल्याकडे गेलो. तो ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे पाहत होता.

"त्या गाडीची तार तू पाहिली होतीस?"

"पाह्यली म्हंजे, म्याच बांधली होती."

"मग ती कुणी सोडली? गाडी टाकीजवळून इकडे कुणी आणली?"

त्याने ट्यूब खाली ठेवली. हात पुसले. मग माझ्या बुटांकडे पाहत तो म्हणाला,

"साहेब, तुमीच तं सांगतलं होतं."

"मी?"

"हाव. ताफा येनार होता तवा. तुमी इथंच उभे राहून म्हनले, दहा मिनिटांत रस्ता मोकळा करा, टाकीजोळ एक गाडी दिसली नाई पायजे. तुमच्या मानसानं उचलून आनली."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी मले गाडी कोनाची हाय ते इचारलं. कोनी आनली ते इचारलंच नाई."

त्या बंदोबस्तावरचा होमगार्ड पस्तिशीचा होता, एरवी गवंडीकाम करायचा. मी त्याला माझ्या खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले. त्याने काहीही लपवले नाही.

"पुढचं चाक उचलून ढकलत आनली साहेब. डबे लय जड होते. मोठा स्टँड लागे ना. तुमची दहा मिनिटं होत आली होती. म्या तार सोडली आन साइड स्टँडवर टेकवली. मंग ताफा गेल्यावर वापस ठिवायची राहून गेली."

"बांगडीवाल्याला फरशीवर बसलेला पाहत होतास ना? मग बोलला काऊन नाहीस?" रागाच्या भरात माझ्या तोंडून इथलीच बोली निघाली.

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. "मले वाटलं तुमाले माहीत असन. तुमीच तं हुकूम देल्ला होता. साहेबानं काईतरी इचार केला असन, असं समजलो."

मी उठून दार उघडले.

बांगडीवाल्याला मी त्याच दिवशी सोडले आणि पुढे कलम १६९ प्रमाणे त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला. गाडी परत घ्यायला तो आला नाही. त्याच्या भाच्याने ती नेली. तो माणूस त्या बाजारात पुन्हा दिसला नाही. मी त्याची माफी मागितली नाही. ठाणेदाराने माफी मागायची पद्धत नसते, असे तेव्हा मी मनाला सांगितले.

गुन्ह्यात ठाण्याचाच माणूस आल्याने पुढचा तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. वरिष्ठांना मी फोनवर सगळे सांगितले. ते म्हणाले, "होमगार्डने गाडी सरकवली, हे खरं आहे ना? मग तेवढं लिहा. बाकीचं वाढवू नका." तपास सोपवताना अहवालात मी तेवढेच लिहिले. 'बंदोबस्तावरील होमगार्डने सदर वाहन उचलून घटनास्थळी लावले.' कुणाच्या आदेशावरून, ते लिहिले नाही. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. होमगार्डवर दोषारोपपत्र गेले, त्याची वर्दी गेली, आणि माझी दुसऱ्या जिल्ह्यात नेहमीसारखी बदली झाली.

खटला उभा राहायला काही वर्षे गेली. साक्षीचे समन्स आले तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. आरोपीच्या पिंजऱ्यात तो होमगार्ड हात जोडून उभा होता. केस पिकले होते त्याचे. सरकारने दिलेली त्याची वकील एक तरुण मुलगी होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "वाहने हटवण्याचा आदेश कुणी दिला?"

तोंडी आदेश होता. त्याचा कुठेही कागद नव्हता. 'आठवत नाही' म्हटले असते तर मला कुणी काही करू शकले नसते. मी त्या माणसाच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले.

"मी दिला," मी म्हणालो.

"किती वेळ दिला होता?"

"दहा मिनिटे."

"वाहने जिथे हलवायची तिथली माती खणून बुजवलेली आहे, हे आपल्याला दिसत होते?"

"हो."

"स्टँडखाली दगड, फळी काही ठेवायला सांगितले?"

"नाही."

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि उत्तर टंकलेखकाला पुन्हा सांगितले. पुढे होमगार्ड सुटला. माझी खात्यांतर्गत चौकशी होऊन मला सक्त ताकीद मिळाली. त्याला वर्दी परत मिळाली नाही.

साक्ष देऊन मी बाहेर आलो तेव्हा तो होमगार्ड जिन्यावर उभा होता. "साहेब, हेच तवा लिवलं असतं तं..." एवढे म्हणून तो थांबला आणि खाली उतरून गेला.

मृत बाईचा नवरा आवारातल्या बाकावर बसला होता. आत बसून त्याने सगळे ऐकले होते. त्याच्या तळव्यांवरची कातडी आकसून पांढरी झाली होती. मी जवळ गेलो.

"म्हंजे गाडी तुमच्या सांगन्यावरून तिथं आली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा ते ऐकणे जड गेले.

"हो."

"हुकूम देऊन तुमी आमच्याच दुकानापुढं येऊन उभे राह्यले होते. तिनं तुमाले कागदावर भजे देल्ले होते. म्हनली, साहेब सकाळपासून उपाशी उभे असतीन."

ते खरे होते. वर एवढे सगळे लिहिले आणि हे मात्र गाळले. ताफ्याची वाट पाहत मी तिच्या ताडपत्रीच्या सावलीत उभा राहून भजी खाल्ली. लाल मोटारसायकल माझ्यापासून चार पावलांवर होती, आणि ती तेव्हाच जराशी कलली होती. मी पाहिले होते. कुणाला तरी सांगू, असे म्हणून मी हात पुसले आणि शिटीचा आवाज आला म्हणून रस्त्याकडे वळलो.

"हो, दिले होते," मी त्याला म्हणालो. तो उठला, खांद्यावरचा रुमाल सारखा केला आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला.

नोकरीभर मी जबाबांतली खोटी वाक्ये शोधली. या प्रकरणात माझ्यासमोर एकही माणूस खोटे बोलला नव्हता. पंक्चरवाल्याने विचारले तेवढे सांगितले, होमगार्डने साहेबावर विश्वास ठेवला, आणि मी एक ओळ लिहायची टाळली. आदेश देणाऱ्याचा हात कशालाच लागत नाही, म्हणून पंचनाम्यात तो कधी येत नाही. हे मी नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात सांगायला हवे होते. तशी संधी मला दोनदा मिळाली. दोन्ही वेळा मी दरोड्याच्या तपासावर बोललो.