पिकअप आबा आणि संध्याकाळची बस

"झालं" हा शब्द पिकअप आबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. गाडीचा दरवाजा रंगवून चकचकीत उभा असायचा. आपण म्हणावं, "आबा, झाला की दरवाजा," तर ते दोन पावलं मागे सरकायचे, मान तिरकी करून एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "आजून नही शे." पुढे एसटी डेपोतल्या साहेबांनी आणि त्यांच्याही वरच्या साहेबांनी हेच "अजून नाही" मला टेबलामागून ऐकवलं. फरक एवढाच की आबांचं "अजून नाही" खरं असायचं. ते त्या गाडीवर खरोखरच काम करत असायचे.

धुळ्याच्या देवपुरात आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. शाळेत जन्मभर शुद्ध मराठी बोलले, पण गाडीपाशी गेले की अहिराणीच. खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, पोस्टमनसुद्धा "पिकअप आबा आहेत का?" असंच विचारायचा. गाडी होती अमेरिकन बनावटीची, महायुद्धाच्या काळातली, गोल नाकाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. रावेरकडे एका केळीच्या बागेत ती वर्षानुवर्षं पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलेल्या आबांना ती दिसली आणि लग्न राहिलं बाजूला. केळीच्या ट्रकमध्ये चढवून ती धुळ्याला आणली. सगळी गल्ली हसली. आबांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "कोंबड्या बी संगे आन्या ऱ्हात्यात तं बरं व्हतं."

एका सुट्या भागासाठी हा माणूस काय करेल याचा भरवसा नव्हता. डाव्या दिव्याभोवतीची चकचकीत कडी हरवलेली होती. धुळ्यात मिळाली नाही, जळगावच्या भंगार बाजारात मिळाली नाही. एकदा जळगावातल्या पिंप्राळ्यात पाहुण्यांकडे गेले असताना एका केशकर्तनालयात तशीच कडी दिसली. न्हाव्याने ती गोल आरशाला चौकट म्हणून बसवली होती. मागितली तर देईना. मग आबा दर पंधरवड्याला जळगावला जाऊन त्या दुकानात खुर्चीवर बसू लागले. आबांच्या डोक्यावर केस नव्हते. न्हावी बिचारा दाढी करायचा, मालिश करायचा, मग पुढे काय करावं ते त्याला सुचायचं नाही. शेवटी त्याने स्वतःच आरसा भिंतीवरून काढला आणि म्हणाला, "घेऊन जा गुरुजी, तुमच्यासमोर मला काम सुधरत नाही."

रंगाचीही तीच तऱ्हा. त्यांना हिरवा हवा होता, पण केळीच्या पानाच्या मागच्या बाजूचा, पिठूळ हिरवा. तो डब्यात मिळत नाही. म्हणून स्वतः मिसळायचे, लावायचे, वाळला की पान शेजारी धरायचे, मान हलवायचे आणि खरवडून काढायचे. मेकॅनिक म्हणून मात्र ते फार भारी होते असं कुणी समजू नये. इंजिन उघडून पुन्हा जोडलं की काहीतरी उरायचंच. स्क्रू, वॉशर, एखादी स्प्रिंग. ते सगळं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचं. "हे कुठलं, आबा?" असं विचारलं की उत्तर तयार, "तिले नको व्हतं, म्हनीसन उरनं."

आता माझं सांगते. मी पांझरा नदीच्या काठच्या गावातली, देवपूरपासून दोन कोसांवरची. कॉलेजात विज्ञान शाखेला होते. आमच्या रस्त्याची शेवटची बस पाच वाजता सुटायची आणि प्रॅक्टिकल साडेपाचला संपायचं. इतकं सोपं गणित. एक तर प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळा, नाहीतर चालत घरी जा आणि घरच्यांची तोंडं बघा. कैक मुलींची कॉलेजं या अर्ध्या तासाने बुडवली. मी विद्यार्थी संघटनेत होते. सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर पत्रकं छापून छापून माझी बोटं निळी झालेली असायची. मागणी एकच होती, संध्याकाळी सहाची बस. आणि रोज ज्या गल्लीतून मी पत्रकं घेऊन जायची, त्याच गल्लीत एक धडधाकट गाडी उभी राहून न्हाऊनमाखून घेत होती.

माझा संताप व्हायचा. मी सरळ तोंडावर बोलायची. "आबा, ही गाडी आहे की देव? रस्त्यावर मुली ताटकळतात आणि तुम्ही इथे पानाचा रंग जुळवत बसलात. एक दिवस काढा की बाहेर."

"आजून तयार नही शे, पोरी."

"कधी होणार?"

"तुनी बस कधी व्हनार?"

मी पत्रक देऊन निघून जायची. आबा ते पत्रक नीट वाचायचे, शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करायचे आणि मग त्याच्यावर रंग मिसळायचे.

गाडी बाहेर निघाली ती माझ्या भाषणांमुळे नाही, पुष्पामुळे. पुष्पा आमच्याच रस्त्यावरच्या पुढच्या गावची. बोलायची कमी, पण वर्गात पहिली. एके संध्याकाळी बस गेली होती. आम्ही आठ-नऊजणी आबांच्या दारापाशी उभ्या होतो. मी कुणाला तरी शिव्या देत होते. आबा मागचा लाल दिवा बसवत होते. दमलेली पुष्पा गाडीच्या उघड्या फाळक्यावर जाऊन बसली, डबा उघडला आणि सकाळची उरलेली भाकर खाऊ लागली. त्या फाळक्यावर तोवर कुणी बसलं नव्हतं. अक्कासुद्धा नाही. मला वाटलं, आता ओरडणार. आबांनी पुष्पाकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं. लाल दिवा अजून लोंबकळत होता, तो त्यांनी सुतळीने बांधून टाकला.

"बठा बठ्ठ्या जनी," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज साडेपाचला हिरवी पिकअप कॉलेजच्या फाटकासमोर उभी राहू लागली. आबा बैलगाडीच्या वेगाने चालवायचे. खड्डा आला की थांबायचे, खाली उतरून खड्डा बघून यायचे, मग हळूच चाक घालायचे. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे आणि हात हलवायचे. मी ओरडायची, "आबा, जरा दाबा की." पुढून उत्तर यायचं, "तिनं वय देख." पण घरी पोहोचायचो. दिवस मावळायच्या आत, रोज.

पोळ्याच्या दिवशी मात्र भांडण झालं. आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी करतात, खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. आबांनी गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आणि आसांना ग्रीस चोळलं, बंपरच्या दोन्ही टोकांना शिंगांसारखा गेरू लावला. पोळ्याला प्रॅक्टिकल होतंच. आम्ही साडेपाचला बाहेर आलो, तर फाटकासमोर गाडी नाही. आबांच्या घरी गेलो. गाडी गोंड्याची माळ घालून दारात उभी आणि बॉनेटवर पुरणपोळी.

"आबा, चला."

"आज पोया शे. तिले सुट्टी शे."

"ती लोखंडाची आहे, आबा. आम्ही काय करायचं?"

"मी शे ना," म्हणाले आणि हातात टॉर्च घेऊन, वहाणा घालून निघाले. आमच्याबरोबर दोन कोस चालले. सत्तरीला टेकलेला माणूस. अंधारून आलं तेव्हा आम्ही गावात शिरलो. आमच्या घरी माझ्या वडिलांनी विचारलं, "आबा, गाडी कोठे शे?"

"घर शे. पोया शे ना आज."

"मंग बराबर शे," वडील म्हणाले. त्यांचे स्वतःचे बैलही अंगणात आराम करत उभे होते. लोखंडाला विश्रांती हवी आणि पोरींनी चालावं, यावर दोन शहाणे पुरुष पुरणपोळी खात एकमत झाले. माझ्या डोक्याची शीर तडकली होती. पण हेही लिहिते, रस्ताभर आबांच्या वहाणेचा अंगठा तुटलेला होता आणि हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

मग आला तो दिवस. बसच्या मागणीचं निवेदन घेऊन आम्ही डेपोत गेलो. साहेब आमच्याशी गोड बोलले. गोड बोलणारा साहेब दिसला की मी आता आधी खुर्ची घट्ट धरते, तेव्हा तेवढी अक्कल नव्हती. ते म्हणाले, "मी स्वतः पाहिलं आहे, रोज संध्याकाळी हिरवी गाडी तुम्हाला नेते. तुमची सोय झालेली आहे. ज्या रस्त्याला काहीच सोय नाही, तिथला विचार आधी करू."

बघा कसं आहे. एका म्हाताऱ्याने पदरचं पेट्रोल जाळून आठ-नऊ मुली घरी पोहोचवल्या, तर ती झाली त्यांची सोय. त्या रस्त्यावर आणखी किती गावं होती, त्या गावांत कॉलेजचं नावही न काढलेल्या किती मुली होत्या, त्यांना आबांच्या हौद्यात जागा नव्हती. बस आली तर त्या येणार होत्या. गाडी चालू राहिली, तर बस येणार नव्हती.

हे आबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. गाडी बाहेर काढा म्हणून त्यांना टोचून टोचून बोलणारी मीच. ते काचेवरचे आमच्या बोटांचे ठसे पुसत होते. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे मना गाडीमुये तुमनी बस अडकनी?"

"हो, आबा."

त्यांनी बॉनेट उघडलं, आत हात घातला, एक झाकण काढलं आणि त्याखालची एक तपकिरी, अंगठ्याएवढी वस्तू माझ्या हातावर ठेवली. रोटर म्हणतात तिला. ती नसली की ठिणगी पोहोचत नाही आणि इंजिन सुरू होत नाही.

"हाई तुनाकडे ऱ्हाऊ दे. साडेपाच वाजनात की मना पाय ऐकाव नहीत."

तो हिवाळा वाईट गेला. आम्ही डेपोच्या फाटकावर प्रॅक्टिकलच्या वह्या उघडून बसायचो आणि तिथेच आकृत्या काढायचो. पत्रकं वाटली, सभा घेतल्या, गावोगावच्या सरपंचांच्या सह्या आणल्या. संध्याकाळी चालत घरी. जानेवारीत पुष्पाच्या वडिलांनी तिला घरी बसवलं. मी भांडायला गेले तर ते म्हणाले, "गाडी व्हती तवय धाडत व्हतू. आते कशी धाडू?" त्यांना उत्तर देता येईल असं एकही वाक्य माझ्या पत्रकात नव्हतं. परत येताना आबांच्या घरावरून आले. अक्का दारात होत्या. त्यांनी हनुवटीने गाडीकडे खूण केली. बंद गाडीत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आबा बसले होते. "रोज साडेपाचले तठे जाईसन बठतस," अक्का म्हणाल्या. मी पुष्पाचं सांगितलं. आबांनी काच खाली केली, ऐकलं आणि काच पुन्हा वर केली.

उन्हाळ्यानंतर कॉलेज उघडलं आणि सहाची बस सुरू झाली. साहेबांनी उपकार केले नाहीत, आम्ही त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही म्हणून झाली. पहिल्या संध्याकाळी बसला आंब्याची डहाळी बांधली होती. आमच्या गावाच्या थांब्यावर मी उतरले आणि मागे बघते, तर धुळीतून हिरवी पिकअप येत होती. रिकामी. सगळा रस्ता आबा बसच्या मागे आले होते.

"तुम्ही कशाला आलात?"

"बस पोचस का नही, हाई देखाले उनू."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "पण गाडी सुरू कशी झाली? रोटर तर माझ्याकडे आहे."

"डबामा आखो एक व्हता."

"केव्हापासून?"

"पहिलापासून. तुले माहीत नव्हतं. माले माहीत व्हतं."

म्हणजे तो सगळा हिवाळा दुसरा रोटर त्या बिस्किटांच्या डब्यात होता. बसवायला पाच मिनिटं लागली असती. पुष्पाचं ऐकून काच वर केली तेव्हाही तो तिथेच, हाताच्या अंतरावर होता. मी खिशातला रोटर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझी मूठ मिटली. "ऱ्हाऊ दे. साहेब लोक शेत. परत लागी." मग गाडी वळवली, खड्ड्यापाशी थांबले, उतरून खड्डा बघितला आणि गेले.

आबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. रंग शेवटपर्यंत जुळला नाही, उजवा दरवाजा अजून थोडा जास्त गडद आहे. अक्का दर पोळ्याला तिच्या पाट्यांना ग्रीस लावतात. आणि सहाची बस गेल्या दिवाळीनंतर पुन्हा बंद झाली आहे. कारण विचारलं, तर प्रवासी कमी. मुली पुन्हा कॉलेजच्या फाटकाबाहेर, अक्कांच्या दारापाशी उभ्या राहतात. अक्का मला म्हणाल्या, "गाडी काढ. डबा मनापाशी शे, रोटर तेमाच शे." मी नाही म्हटलं. ते म्हणताना त्या मुलींच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

मागच्या आठवड्यात डेपोत नवीन साहेब होते. तेही गोड बोलले. म्हणाले, "तुम्ही गावकरी मिळून तात्पुरती काही सोय का करत नाही?"

रोटर माझ्या खिशात होता. "सोय आहे, साहेब," मी म्हटलं. "देवपुरात दारात उभी आहे. ती आम्ही काढणार नाही."

आणि डेपोच्या फाटकाबाहेर जाऊन तिथे थांबलेल्या मुलींना म्हटलं, वह्या उघडा.