देवीच्या होडीत पॉलिस्टर

आमच्या वस्तीला गाव म्हणावं तर इथले लोक रागावतात, आणि शहर म्हणावं तर भिवंडीतले हसतात. यंत्रमागांचा खडखडाट जरा मागे पडला की कामवारी नदीच्या काठाला लागून आमची घरं दिसतात. नदी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते कृपा करून पुसून टाका. ओहोटीला तिच्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त असतो. खाडीची भरती चढली की दुपारपुरती ती नदी होते आणि पुन्हा मूळपदावर येते. तरी पत्ता सांगताना आम्ही ऐटीत ‘नदीकाठी’ असंच सांगतो. पाहुणे येतात, नाकाला रुमाल लावतात, आणि आम्ही काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने त्यांच्यापुढे चहा ठेवतो.

वस्तीत दोन तऱ्हेची माणसं. एक इथली मूळची, ज्यांच्या आजोबांनी भात लावला आणि खाडीत जाळी टाकली. त्यांच्या शेतांवर आता गोदामं आहेत, दारात मोठ्या गाड्या आहेत, आणि मासळी घेताना मात्र ते अजून कल्ले उघडून बघतात, विकणारी चुलत बहीण असली तरी. दुसरी आमच्यासारखी शाळा-कचेरीवाली. माझे सासरे इथल्या शाळेत मास्तर होते. मी स्वतः कारकुनीत केस पिकवले, पण वस्तीला माझी नोकरी मान्य नाही. मी ‘मास्तरांची सून’, बस्स.

चैत्री पुनवेला आमची गावदेवी माहेरी जाते. माहेर कुठे, तर समोरच्या काठावर, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. दुपारच्या भरतीला पालखी होडीत ठेवतात, बरोबर पालखीवाले, ढोलवाला, पाच सवाष्णी आणि एक पाठराखीण. पलीकडे माहेरचा मानकरी तांब्या-परात घेऊन उभा असतो. त्याने पाय धुतल्याशिवाय कुणी तिकडच्या मातीवर पाऊल टेकवायचं नाही.

पाठराखीण असते पलीकडची काकी. पलीकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, म्हणून पलीकडची. आता सत्तरी उलटली, तरी नाव तेच. आणि मानकरी म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. या दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. बापाचं नदीलगतचं शेत भावाने गोदामासाठी देऊन टाकलं, हे काकीला शेतात जेसीबी शिरल्यावर कळलं. तिला त्यातलं काही नको होतं. भावाने तिचा वाटा घरी आणून दिला तेव्हा तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. “मना इचारला न्हाय,” एवढंच ती म्हणायची. तेव्हापासून वर्षातून एकदाच ती भावासमोर जाई, देवीच्या मानाने. तो पाय धुई. ती पाय पुढे करी, तोंड उघडत नसे. दोन्ही गावं श्वास रोखून बघत असायची, की यंदा तरी एखादा शब्द निघतो का. निघत नसे. मग सगळे जेवायला बसत.

या वर्षी उत्सव कमिटीच्या डोक्यात आलं की होडी बंद करावी. पूल झालाय, होडीच्या फळ्यांना फटी पडल्यात, तर देवीला फुलांनी सजवलेल्या टेम्पोतून न्यावं. कमिटीचे अध्यक्ष स्वतः लूमवाले, शिवाय वडप्याच्या बाजूला त्यांची गोदामं, म्हणजे टेम्पोची वाण नव्हती. सभेत काकी उठून उभी राहिली.

“देवी टेम्पोत बसंल. तिला काय, ती देवी हाय. मी न्हाय बसायची.”

“काकी, पुलावरनं धा मिंटं लागतात,” अध्यक्ष म्हणाले.

“पुलावर माजे पाय कोन धुवंल?”

रस्त्याने गेलं की पालखी थेट देवळाच्या दाराशी उतरणार, काठ नाही, तांब्या नाही, भाऊ समोर येण्याचं कारणच नाही. आणि काकी आपणहून त्याच्या दारात जाणाऱ्यातली नव्हती. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मला तर इतकं कळलं की मी, जिला पोहता येत नाही आणि जी दरवर्षी सवाष्णींत नाव आलं की शेजारणीचा पदर धरून होडीत चढते, हात वर करून म्हणाले, होडीच हवी. घरी आल्यावर नवऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

अध्यक्ष मनाचे मोठे. विरघळले, आणि होडी दुरुस्त करायचं त्यांनी अंगावर घेतलं. पूर्वी फटींत सूत ठासून वर राळ आणि तेल चोपडत. सूत तर भिवंडीत पायाखाली येतं. अध्यक्षांनी लूमवरून वेस्ट सुताची पोती पाठवली, आणि अख्खी वस्ती फटी बुजवायला बसली. शेजारच्या लूमचे दोन कारागीर ड्युटी संपवून आले आणि “हम भी करते हैं, माताजी का काम है” म्हणत आमच्यात बसले. इतकं शुभ्र, चकचकीत सूत होतं की होडीला झालर लावल्यासारखं दिसत होतं. मी त्याचं कौतुकसुद्धा केलं.

आता सांगते ते भिवंडीबाहेरच्यांसाठी. सुती धागा पाणी पितो, फुगतो आणि फट आवळून धरतो. पॉलिस्टर पाणी पीत नाही. आमच्याकडे शाळेतलं पोर दोरा काडीने पेटवून, वास घेऊन सांगतं की कॉटन आहे की पॉलिस्टर. कापडाच्या व्यवहारात आम्हाला कुणी फसवून दाखवावं. पण होडी म्हणजे कापड नव्हे, म्हणून पन्नास जाणत्या माणसांत एकानेही काडी ओढली नाही. आणि अध्यक्षांच्या लूमवर हल्ली पॉलिस्टरशिवाय दुसरं काही चालत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पुनवेला वाजतगाजत निघालो. नदीच्या मध्यावर माझ्या तळव्यांना गार लागलं. मला वाटलं, भीतीने. मग शेजारणीने खाली बघितलं आणि गपचूप निऱ्या वर खोचल्या. पालखीवाल्यांनी देवीला डोक्यावर धरलं. ढोल वाजवणारा वाजवायचा थांबला, तसं पुलावरून टेम्पोने आधीच पलीकडे पोचलेले अध्यक्ष काठावरून ओरडले, “थांबू नको रे, वाजव.” जणू ढोलाच्या जोरावर होडी तरंगत होती. पलीकडच्या काठाजवळ येऊन ती सावकाश, कुणाला न दुखवता, चिखलावर बसली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. बुडून मरायचं म्हटलं तरी जमलं नसतं. देवी पुढे गेली, आम्ही पाचही जणी एकमेकींना धरून उतरलो, आणि मानकऱ्याने घाईघाईने आमचे पाय धुतले.

काकी उतरेना. घोट्यांवर पाणी घेऊन फळीवर ताठ बसून राहिली. पाय धुतल्याशिवाय उतरायचं नाही म्हणजे नाही.

तेव्हा तिचा भाऊ तांब्या घेऊन चिखलात उतरला. धोतर सांभाळत, एकेक पाय उपसत तो होडीशी पोचला आणि नदीत बुडालेल्या तिच्या पायांवर त्याने तांब्यातलं स्वच्छ पाणी ओतलं. काठावर कुणीतरी फिसकन हसलं. काकी हसली नाही. भावाने रिकामा तांब्या होडीत ठेवला, हात पुढे केले आणि मग तसाच थांबला.

“बाय,” तो म्हणाला, “उचलू कं तुला?”

काकीने त्याच्याकडे बघितलं. ढोल थांबला.

“आता इचारतंस,” ती म्हणाली. तिने पदर खोचला. मग म्हणाली, “उचल.”

त्याला कुठली उचलते. तो वाकला, त्याचा पाय चिखलात रुतला, आणि तो मटकन बसला, पाणी छातीपर्यंत. तशी काकी स्वतःच उतरली. त्याच्या काखेत हात घालून, “लहान होतास तवापन असाच पडायचास,” असं रागे भरत तिने त्याला ओढून काठावर आणलं. मी रडत होते, हे लपवायचं काही कारण नाही. अध्यक्षही रडत होते, पण ते पाणी उडाल्याचं सांगत होते.

वर आल्यावर तिने त्याचं धोतर पिळून दिलं. देवळापर्यंत तिचा हात त्याच्या दंडावर होता, आणि वाटेत ते गोदाम लागलं तेव्हा दोघं तिथे थांबली आणि बापाच्या शेतातली विहीर नेमकी कुठे होती यावरून भांडायला लागली.