कानांनी केलेल्या लाह्या

शाळेत दुसरा तास चालू होता. टेबलावरचा फोन थरथरला. वहिनीचं नाव दिसलं. ती शाळेच्या वेळेत कधीच फोन करत नाही, म्हणून वर्गाबाहेर येऊन उचलला. "सुमन, तुझे दादा गेले गं... चहा घेता घेता गेले," एवढंच ती बोलली. त्याला आता दीड महिना होईल. अजूनही रविवारी दुपारी माझा हात आपोआप फोनकडं जातो, आणि मग आठवतं...

माधवदादा माझा थोरला भाऊ. वीस-बावीस वर्षं त्यानं ट्रक चालवला. नळदुर्गच्या घरापासून हायवे अगदी जवळ. अंगणात बसून तो नुसत्या आवाजावर सांगायचा, "गाडी लई भरलीय, आन् गड्यानं गिअर चुकीचा टाकलाय." पंचेचाळिशी उलटली आणि काचबिंदूनं आधी त्याचं कडेचं दिसणं नेलं. आपल्याला कमी दिसतंय हे त्यानं बरेच महिने कुणाला कळू दिलं नाही. मग एके दिवशी बाजूनं येणारी मोटारसायकल त्याला दिसलीच नाही. ती थोडक्यात वाचली. त्याच संध्याकाळी त्यानं किल्ली मालकाच्या हातात ठेवली. पुढच्या दोन वर्षांत उरलंसुरलं दिसणंही गेलं.

त्यानंतरचा दादा मला ओळखू येईना. वहिनी अंगणवाडीत जायची, भाची सोनाली शाळेत. हा दिवसभर पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेला. पाणीसुद्धा मागायचा नाही. जाताना वहिनी गॅस सिलिंडरपाशीच बंद करून जायची. तिची भीती खोटी नव्हती. पण तो बंद केल्याचा आवाज दादाला रोज ऐकू यायचा, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याची नजर गेल्यानंतरच्या मे महिन्यात मी आठ दिवस राहायला गेले होते. एका दुपारी सोनालीनं मक्याच्या लाह्या करायला घेतल्या. पातेल्यात तडतड सुरू झाली तसा दादा पलंगावर उठून बसला. थोड्या वेळानं तिथूनच ओरडला, "बंद कर, करपतेत!" सोनालीनं झाकण उघडलं. तळाचे दाणे नुकतेच काळे पडायला लागले होते. तिनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला कसं कळलं?" तो म्हणाला, "इंजिन ऐकतो तसंच हाय की. आधी एक-दोन फुटतेत, मग एकदम गर्दी, मग पुन्हा सुटे सुटे. दोन आवाजांच्या मधी तीन आकडे मोजून झाले, की गॅस बंद." आणि मग, किती तरी महिन्यांनी, तो आपणहून भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आला.

त्यानं आधी जाड बुडाच्या पातेल्याचा काठ हातानं चाचपला. तेल ओतून तीन दाणे टाकले आणि झाकण लावलं. तिन्ही फुटले तेव्हा बाकीचे ओंजळीनं सोडले. पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्यानं धरून हलवत राहिला, मान कलती करून, जुन्या सवयीनं. त्या दिवशी एकही दाणा जळला नाही. वर मीठ टाकून त्यानं पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सुमे, तुला गोड लागतेत ना? उद्या गोड करू."

दुसऱ्या दिवशीच घोटाळा झाला. साखर दाण्यांबरोबरच टाकली होती आणि साखर कानाला काही सांगत नाही. घरभर धूर झाला. वहिनी नेमकी तेव्हाच कामावरून आली, धावत आत शिरली आणि घाबरून नको ते बोलून गेली. "अहो, घर जाळता का? बसा की एका जागी गप!"  दादानं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं आणि पुन्हा पलंगावर जाऊन भिंतीकडं वळला. संध्याकाळी जेवलाही नाही. वहिनी काळं झालेलं पातेलं घासत राहिली, आणि घासता घासता रडत होती.

सकाळी अंगणवाडीत जायच्या आधी तिनं तेच पातेलं शेगडीवर ठेवलं, दादाचा हात धरून त्याला ओट्यापाशी आणलं. म्हणाली, "मी थांबते हितं. साखरेचं मला कळत न्हाय, तुम्हीच शिका." दादा म्हणाला, "तुला उशीर व्हईल." ती म्हणाली, "व्हऊ द्या." दोनदा बिघडलं. तिसऱ्यांदा तो झाकणाजवळ नाक नेऊन थांबला. साखरेचा कच्चा वास जाऊन खमंग वास आला त्याच क्षणी त्यानं गॅस बंद केला. परातीत ओतून गरम असतानाच वरून चिमूटभर मीठ भुरभुरलं. बाहेरून गोड, मागून खारट... वहिनी उभ्या उभ्या खात होती. "चांगल्या झाल्यात," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून तिनं सिलिंडर बंद करून जाणं सोडलं.

पुढं पाच वर्षं दादानं हळूहळू सगळं स्वयंपाकघर शिकून घेतलं. चहा, खिचडी, पिठलंसुद्धा. गरम भांडं कुठं ठेवलंय, ते वहिनी त्याला सांगत राहायची. पण लाह्या त्याच्या खास. दर रविवारी फोनवर विचारायचा, "कधी येतीस? दाणे आणून ठेवलेत." दहातल्या आठ वेळा मी काही ना काही कारण सांगायची.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. निघताना त्यानं अजून कोमट असलेल्या लाह्यांचा डबा माझ्या पिशवीत घातला. बसमध्ये मी मोबाईलवर शाळेचे निरोप बघत बसले होते. एक एक करत खात होते. तुळजापूरच्या अलीकडं हात डब्यात गेला तर डबा रिकामा. त्या कशा लागल्या, हे आता कितीही आठवलं तरी आठवत नाही. एवढंच मनातून जात नाही...

मागच्या आठवड्यात नळदुर्गला गेले होते. सोनाली कॉलेजला गेलेली. घरात वहिनी आणि मी. तिनं भाजीची कढई शेगडीवरून उतरवली, ओट्यावर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कढई उजव्या हाताला ठेवलीय हं, गरम हाय."

मी दारात उभी होते. मला सगळं दिसत होतं. वहिनीनंही वळून माझ्याकडं पाहिलं. मग आम्ही दोघींनी ताटं घेतली.